लोकसंख्या एक

"एकोणतीस," मी म्हणाले.

"एकोणतीस काय?" जमादारभाऊंनी गाडीतूनच विचारलं. उतरायला ते तयार नव्हते.

"डेसिबल. या गावाचा आवाज."

"मॅडम, गावाला आवाज असता तर मला तो ऐकू आला असता. इथं कुत्रं नाही, कोंबडी नाही, खोकणारा म्हातारा नाही. हे गाव बरं नाही. चला, निघू."

जमादारभाऊ मिरजेचे, आमच्या कंपनीचे ड्रायव्हर. अपघाताच्या वळणावरसुद्धा शिट्टी वाजवत गाडी घालणारा माणूस त्या सकाळी काचा वर करून बसला होता. मी मात्र खूश. सहा महिन्यांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच कुणी 'काय मोजताय? कशाला मोजताय? आमच्या बांधावरून मोजा की!' असं विचारलं नव्हतं. आंबेरवणे गावाच्या मधोमध पारावर तिपाई रोवली, वर ध्वनिमापक बसवला आणि वहीत लिहिलं: सकाळी नऊ, एकोणतीस.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. इचलकरंजीची वृषाली मगदूम, पर्यावरणशास्त्राची पदवीधर, म्हणजे घरच्यांच्या भाषेत 'झाडं मोजायची नोकरी'. घाटावरून खाली बंदरापर्यंत एक नवी प्रवासी रेल्वे येणार होती. कर्ज देणार होती एक परदेशी बँक, आणि त्या बँकेला पर्यावरणाचा फार कळवळा. रूळ टाकण्याआधी वाटेतल्या प्रत्येक गावी झाडं किती, पक्षी कोणते, आवाज किती, माणसं किती, सगळं लिहून हवं. ते लिहायचं कंत्राट पुण्याच्या हुद्दार सरांच्या कंपनीला मिळालं होतं, आणि सरांनी ते माझ्या पायांवर सोडलं होतं.

तीन दिवस मोजलं. घरांना कड्या. अंगणं सारवलेली. गोठ्यात ताजं शेण, पण गाय नाही. खालच्या वाडीतल्या एका तुळशीच्या बुडाशी माती ओली दिसली, तेही मी लिहून ठेवलं. रात्री कुडाळच्या लॉजवरून सरांना फोन केला.

"सर, गाव रिकामं आहे. पण कसं सांगू, रिकामं वाटत नाही."

"मगदूम, तुम्हाला काय वाटतं यासाठी तक्त्यात रकाना आहे का?"

"नाही सर. पण गोठ्यात शेण आहे."

"शेण लोकसंख्येत धरत नाहीत. माणूस दिसला?"

"नाही."

"तीन दिवसांत एकही?"

"एकही नाही. पण सर, जनगणनेत गाव आहे, साडेसातशे माणसं—"

"जनगणना सहा वर्षांपूर्वीची. आपण सद्यस्थिती लिहितो. सगळे मुंबईला गेले असतील. कोकण आहे ते. निर्मनुष्य लिहा."

लिहिलं. कुडाळच्या बाजारात एखाद्या भाजीवालीला विचारलं असतं तरी तिने हसत हसत सगळं सांगितलं असतं. पण आम्ही विचारायला थोडेच गेलो होतो? आम्ही मोजायला गेलो होतो.

फेब्रुवारीत अहवालाची मराठी प्रत तहसीलदार कचेरीच्या फळ्यावर लागली आणि आंबेरवण्याच्या साडेसातशे माणसांना कळलं की आपण नाही आहोत.

हुद्दार सर आणि मी गावात गेलो तेव्हा देवळाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. निर्मनुष्य गावात इतकी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. पुढे बसले होते दत्ताराम घाडी. गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे. उंच, हाडकुळे, आणि आवाज असा की त्या दिवशी माझा मापक लावला असता तर काटा मोडला असता.

"तुम्ही होतात कुठे?" सरांनी विचारलं. त्यांच्या स्वरात तक्रार होती. जणू आम्ही पाहुणे म्हणून आलो होतो आणि यजमानांनी दार लावून घेतलं होतं.

"गावपळणीक," घाडी म्हणाले.

मग उलगडा झाला. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. गुरं, कुत्री, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळं घेऊन. नदीपलीकडे झावळांच्या खोपी बांधून राहतं. ते तीन दिवस गाव देवाचं. माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. आणि वर्षाचे तीनशे बासष्ट दिवस सोडून आम्ही नेमके त्याच तीन दिवसांत जाऊन गावाचा आवाज मोजला होता. याला म्हणतात नशीब.

मला वाटलं, आता 'आम्हाला निर्मनुष्य म्हणता?' म्हणून आमची हाडं मोडणार. पण घाडींच्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं.

"म्हणजे तुमी पळणीत गावात शिरलात?"



"शिरलो म्हणजे... मोजणीसाठी," मी म्हणाले.

"तीनय दीस?"

"नऊ ते सहा."

"अरे देवा!" मागून एक बाई ओरडली. घाडी उठले, गाभाऱ्यात गेले. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अर्धा तास सगळे श्वास धरून बसले. सर घड्याळ बघत होते. मग घाडी बाहेर आले.

"पळण बाटली. देवान कौल दिल्यान, परत करूची. शिमगो सरलो की पयल्या आयतवारापासून."

"फार छान," सर म्हणाले. "आता आमचं ऐका. अहवाल दुरुस्त करायचा तर फेरमोजणी हवी. बँकेने सबंध मार्गाचं वेळापत्रक ठरवून दिलंय. तुमच्या गावाचे तीन दिवस आहेत..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "शिमग्यानंतरच्या रविवारपासून."

माझ्या तोंडून हसू फुटलं आणि मी ते खोकल्यात लपवलं.

"तारीख बदला," घाडी म्हणाले.

"बँकेला तारीख बदला असं सांगता येत नाही. तुम्ही बदला."

"देवाक सांगू तारीख बदल म्हणान?"

देव आणि बँक, दोघांचं एका बाबतीत अगदी सारखं. दोघांनाही कुणी पाहिलेलं नाही, आणि दोघांचं बोलणं एकाच माणसाच्या तोंडून ऐकायचं.

"मग नदीपलीकडे येऊन आमची मोजणी करा," कुणीतरी म्हणालं.

"वेशीबाहेर घेतलेली सही वेशीबाहेरच्या गावाच्या खात्यात जाते," सरांनी समजावलं. "नियम सोपा आहे. दारात माणूस सापडला आणि त्याने सही केली, तर ते घर. नाही सापडला, तर ते बांधकाम."

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक साठीची बाई उभी राहिली. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात चष्मा.

"तां ऱ्हवांदे," ती म्हणाली. "व्हाळाचां पाणी खय जातलां तां सांगा."

"मथुरा, बस तू," घाडी म्हणाले.

"बसतंय. पयलां सांगूंदे तेंका."

कुणीच सांगितलं नाही. सरांना व्हाळ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं आणि घाडींना तो प्रश्न देवाच्या अखत्यारीतला वाटत होता. सभा संपली. सर चहा घ्यायला गेले आणि मी त्या बाईच्या मागे गेले. का गेले? सभेत एवढी डोकी होती, पण कामाचा प्रश्न तिने एकटीने विचारला होता.

मथुरा गणपत धुरी. सगळे तिला मथुराकाकी म्हणत. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा मुंबईला गोदीत. खालच्या वाडीत तेवीस घरं, त्यातलं सगळ्यात खालचं तिचं. घरामागे एक कोरडा ओढा. मी डिसेंबरात बघितला होता आणि 'खड्डा' असं लिहिलं होतं.

"ह्यो व्हाळ," काकी म्हणाली. "पावसात बैल व्हावान जाता हेच्यात. आणि तुमचो भराव येतलो थय." तिने हात करून दाखवलं. घरांच्या खालच्या अंगाला, ओढ्याला आडवा, दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध येणार होता. नकाशात मीच रेघ बघितली होती.

"भरावाखालून मोरी ठेवतात, काकी. पाणी जायला वाट."

"ठेवतत?"

 ठेवणार नव्हते. नियम असा की ओढ्याकाठी वस्ती असेल तर मोरी. वस्ती नसेल तर खर्च कशाला? पाणी भरावाला तटून तिथेच साचू दे, रिकाम्या जमिनीत साचलं तर कुणाचं काय बिघडतं? आणि तिथे वस्ती नाही असं सांगणारा कागद माझ्या अक्षरात होता.

तिने मला घरात नेलं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ होती. "आयत्या वाटेन जाताना पाणी हयसर इलां एकदा. वाटच बंद केलास तर?" तिने हात डोक्याच्याही वर धरला. मग वाडीकडे बघून म्हणाली, "तेवीस घरां गो. गुरव, धुरी, मेस्त्री. तेंका सांगतंय तर म्हणतत, देव बघतलो. देवाक म्हायत आसा पाणी खय जाता तां. पण मोरी काय देव बांधूचो नाय."

 शिकले होते मी, पण असल्या बाईसमोर बोलायचं काय ते अभ्यासक्रमात नव्हतं.

"एक मानूस घरात गावलो तर?" तिने विचारलं. "पुरे?"

"एक सही पुरे. एक घर म्हणजे वस्ती."

"म्हणजे पळणीत रवाक होया कोणीतरी."

"मी तसं म्हटलं नाही काकी. मी फक्त नियम सांगितला."

"होय तर," ती म्हणाली. "तू काय म्हणतलंस? तू नियम सांगतंस, घाडी कौल सांगता. करूचां आमी."

मग तिने चष्मा पदराने पुसला आणि हळूच विचारलं, "कागदार नाव छापून येतलां?"

"नाही. फक्त आकडा येतो."

"गावात कळूचा नाय?"

"कसं कळेल? सगळे वेशीबाहेर असणार."

तिने मान हलवली. मला निघताना दोन कोकमं दिली खायला.

शिमग्यानंतरच्या रविवारी जमादारभाऊंनी गाडी वेशीवर थांबवली. "पुढं तुम्ही जावा मॅडम. एकदा चुकून गेलो ते वेगळं. आता जाणूनबुजून देवाच्या वाटेला मी नाही जाणार. आमच्यात तुमच्यात देव वेगळे, पण त्यांची आपसात ओळख असते." ते बसले झाडाखाली, मी तिपाई खांद्यावर घेऊन खालच्या वाडीत.

मापक लावला. एकोणतीस. तीस. परत एकोणतीस. मनात म्हटलं, नाही राहिली. बरं झालं. तेवढ्यात धप्प. मग धप्प, धप्प. आकडा उडी मारून अठ्ठावन्नवर.

काकी पडवीत उखळात भात कांडत होती.

"इलंस? वायच हळू घालतंय काय घाव? तुझां यंत्र ऐकता मा?"

"ऐकतंय काकी. फार छान ऐकतंय. एकसष्ट झालं."

"आजून व्हयां? थांब." आणि तिने पितळी परात खाली आपटली. ब्याऐंशी! मी हसत सुटले, तीही हसली. रिकाम्या गावात आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत होतो. मग तिने परात उचलली आणि बराच वेळ वेशीच्या दिशेने बघत राहिली.

तीन दिवस तिने एकटीने गावाचा आवाज केला. कांडण झालं, जातं झालं, भांडी घासून झाली, नसलेल्या कोंबड्यांना शिव्या घालून झाल्या. कोंबड्या शेजारणीने खोपीवर नेल्या होत्या. काकीने तिला सांगितलं होतं, मी मुंबईला मुलाकडे जातेय.

"भीती नाही वाटत?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"वाटता तर. देवाची नाय. तेका म्हायत आसा मी कित्याक रवलंय. मानसांची वाटता."

"काय करतील?"

"काय करतले? कायच करूचे नाय. बोलाक येवचे नाय, लग्नाक बोलवूचे नाय, गणपतीत भजनाक दारात येवचे नाय. ह्या वाडीत मानूस मारूक सुरी लागणा नाय गो."

तिसऱ्या दिवशी तिने तक्त्यावर सही केली. मराठी चौथी शिकलेली. 'मथुरा गणपत धुरी', एकेक अक्षर कोरून, ओळीच्या जराही वर-खाली न जाता. मी नियमाप्रमाणे दारात तिचा फोटो काढला. फोटोसाठी तिने पदर नीट केला.

सुधारित अहवालात लिहिलं गेलं: आंबेरवणे, खालची वाडी, बांधकामं बावीस, घर एक, लोकसंख्या एक. हुद्दार सर वाचून इतके खूश झाले की त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. एक माणूस! ना जनसुनावणीची कटकट, ना भरपाईची रांग, आणि बँकेलाही समाधान, की बघा, आपण शेवटच्या एका माणसाचाही विचार केला. भरावात एक मोरी वाढली. आंबेरवण्याची उरलेली सातशे एकोणपन्नास माणसं अजूनही कागदावर नाहीत. त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही.

मी नोकरीत कायम झाले.

अहवाल एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीच्या दारावर लागला. परिशिष्ट सातमध्ये सही, नाव, फोटो, सगळं. गावाने वाचला. साडेसातशे लोकांत वाचता येणारे पुष्कळ होते.

ही बातमी मला जमादारभाऊंनी दिली. ते नंतर एकदा त्या बाजूला भाडं घेऊन गेले होते. "म्हातारीला वाळीत टाकलं मॅडम. कोण उघड म्हणत नाही, कायदा आहे ना. पण टाकलं." मी म्हटलं, अरेरे. आणि पुढच्या गावाची झाडं मोजायला गेले. माणसाला पोट असतं, आणि पोटाला कारणं फार सुचतात.

बारा वर्षांनी गेले. आता मीच पुण्यात एका कंपनीची प्रमुख, माझ्या हाताखाली सहा मुलं मोजतात. जुलै महिना होता. त्याच रेल्वेने गेले, स्टेशनवर उतरून रिक्षा केली. वाडीच्या तोंडाशी रिक्षावाल्याने विचारलं, "खय जावचां?"

"मथुराकाकींकडे."

"मग हयच उतरा," तो म्हणाला. पैसे घेताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाऊस कोसळत होता. व्हाळ दुथडी भरून धावत होता आणि सगळा गढूळ लोंढा भरावाखालच्या मोरीतून पलीकडे जात होता. मोरीला आकडा होता, कुणाचं नाव नव्हतं. तेवीस घरं कोरडी. वाटेत एका बाईला विचारलं, तुमच्याकडे पाणी नाही भरत? ती म्हणाली, "देवान राखल्यान."

काकी पडवीत बसली होती. बहात्तर-त्र्याहत्तरची. तिने मला लगेच ओळखलं. "यंत्र खय तुझां?" म्हणाली, आणि फार आनंदली. चहा केला. बोलायला माणूस मिळाल्यासारखी बोलत सुटली. मुलगा येतो, देवळात जाऊन येतो, ती बाहेर गाडीत बसते. मधे तीन पळणी झाल्या. तिला कुणी 'चल' म्हणालं नाही, म्हणून तिन्ही वेळा ती घरातच राहिली. "आता माका सवय झाली. तीन दीस मी आणि देव. तो बोलाक बरो आसा."

मला ते सोसवेना. चहा अर्धा होता, तो खाली ठेवला.

"काकी, तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही विचारलं होतंत, नाव छापून येईल का. मी नाही म्हटलं. मला तेव्हा माहीत होतं की येणार. नावाशिवाय सही धरत नाहीत. येणार म्हटलं असतं तर तुम्ही राहिला नसता, आणि ही तेवीस घरं... परिशिष्ट मीच टाइप केलं. तुमच्या नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं. चुकू नये म्हणून."

मला रडू आलं. वाटलं होतं, ती चिडेल, नाहीतर पाठीवरून हात फिरवून म्हणेल, जाऊ दे गो. दोन्हीची तयारी करून आले होते. यात माझाच हिशेब होता, कसंही झालं तरी मी मोकळी.



"नाव येतलां तां माका म्हायतच होतां," काकी म्हणाली. "सरकारी कागद नावाबिगर कधी ऱ्हवता? तू नाय म्हटलंस तां चुकीचां, तां तवाच कळलां. तरी सही केलंय. घरां बुडतली होती."

"मग..."

"मी म्हटलंय, पोर आसा. तेका कोणी सांगूक नाय. बारा वर्सां मी मनाक तांच सांगत इलंय. सगळ्यांनी जाणून केल्यानी, पण त्या चेडवाक काय ठावक नव्हतां." ती उठली. माझा अर्धा राहिलेला कप उचलला आणि उरलेला चहा अंगणातल्या पावसात ओतला. "तेवढां एक मानूस होतां माझां."

आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.